पाण्याखालची झाडं

मासा ताजा की शिळा, मला विचारा.
कल्ला उचलायचा, आत बघायचं, लाल असला तर घ्यायचा.
वीस वर्षं व्होल्टाच्या काठावर मी तिलापिया धुरावर धरते,
डोळे गेले धुरात, पण माशात फसत नाही.
माणसाला कल्ले नसतात.

आणि खरं सांगायचं तर
एका ईस्टरच्या आधी, नवरा तापात होता, पैसे हवे होते,
शिळ्या माशांच्या कल्ल्यांना मीच रंग चोळला.
गिऱ्हाईक म्हणालं, देव तुझं भलं करो, अकोर्फा.
तेव्हापासून लाल दिसलं की मी आधी वास घेते.

ब्रदर एलिकेम रविवारी आला.
पांढरे बूट, आमच्या चिखलातून येऊनही पांढरे.
प्रार्थनेत रडला.
आवाज असा, की छपराचे पत्रेही वाजायचे थांबले.
मग माझ्या झिफाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला,
देवानं ही मुलगी मला दाखवली आहे.
शहरात शाळा, गणवेश, दोन वेळचं जेवण,
सुट्टीत थोडं हातकाम, बस.
सगळी मंडळी म्हणाली, आमेन.
मीही म्हणाले. तोंडातून गेलं.

मधाचं बोट गोडच लागतं. मधाचा त्यात काय दोष?

अग्बेको मागच्या बाकावर झोपला होता.
तो प्रवचनात नेहमी झोपतो,
गाणं भलत्याच पट्टीत म्हणतो, देवाचं नाव क्वचित काढतो.
पण एकदा भर अंधारात वल्हवत परत आला होता,
हिशेबात माझे दोन सेडी त्याच्याकडे जास्त गेले म्हणून.
सकाळी दिले असतेस, मी म्हटलं.
म्हणाला, सकाळपर्यंत ते माझेच वाटायला लागले असते.

तो जागा झाला. डोळे चोळत विचारलं,
भाऊ, शाळेचं दार कुठल्या रस्त्यावर उघडतं?
ब्रदर एलिकेम हसला.
विश्वास ठेवणारा रस्ता विचारत नाही, काका.
मी नावाडी आहे, अग्बेको म्हणाला. मी विचारतो.

धरण बांधलं तेव्हा इथलं जंगल उभंच्या उभं बुडालं.
झाडं अजून खाली आहेत, हात वर करून.
वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.
अग्बेकोच्या नावेच्या तळाला जितकी ठिगळं,
तितकी झाडं त्याला पाठ.

रात्री मला झोप नाही.
प्रभूला ठाऊक होतं, बारांतला कोण.
तरी त्याचेही पाय धुतले. तोच पंचा, तेच पाणी.
मग मी कोण मोठी, संशय घेणारी?
कोंबडा आरवेपर्यंत मी त्या पंचापाशी अडून बसले.
मग सुचलं:
त्या हातांत त्यानं स्वतःला दिलं.
लेकरं मात्र जवळ ओढून घेतली.

सोमवारी ब्रदर एलिकेम दारात आला.
हात धुवायला पाणी दिलं, बांकू दिला,
मासा चांगला दिला, त्या दिवशीचा.
मुलगी दिली नाही.
तुझ्यात विश्वास नाही, तो म्हणाला.
असेलही. मी ताट उचललं.

शेजारच्या अफीनं एडेमला पाठवलं.
आठ वर्षांचा. नावाचा अर्थ, त्यानं मला सोडवलं.
महिनाभर फोन आले.
मग फोन लागेनासा झाला.
अफी आता माझ्या सावलीत बसत नाही,
जणू मी काही जिंकले.
सोमवारी माझ्या दारातून तो तिच्या दाराकडे वळताना
मी बघत होते, ताट हातात घेऊन,
आणि काही बोलले नाही.

आज तिघं नावेत आहोत.
अफीच्या मांडीवर एडेमचा फोटो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
पलीकडच्या काठाला, म्हणे,
झाडांत अडकलेली जाळी सोडवायला लहान मुलं बुडी मारतात.
कुणी सांगितलं, ते सांगणाराही खरा की खोटा, ठाऊक नाही.
अग्बेको काही म्हणत नाही.
बांबू खाली घालतो, थांबतो,
इथे एक आहे, म्हणतो,
आणि नाव वळवतो.