नामानिराळा

माझी आजी ट्राउटे त्याची टायपिस्ट होती.
बाबेल्सबर्गला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी,
तो येरझाऱ्या घालत बोलायचा
आणि ती टाइप करायची, तीन कार्बन लावून.
एर्नफ्रीड लोबेडान्त्स. बोलता बोलता
पात्रांचे आवाज काढायचा, आजी सांगे,
गिरणीवालीचा, पाद्र्याचा, बदकाचासुद्धा.
हसून हसून तिच्या ओळी वाकड्या जायच्या.

त्याच खोलीत, चाळीसच्या हिवाळ्यात,
त्यानं तो घड्याळजी लिहिला.
बाहेरून आलेला, बोटं लांब, बोलणं गोड,
रात्री मनोऱ्यावर चढून
गावाची पाच-पाच मिनिटं चोरणारा.
संहितेत कुठे शिवी नाही, कुठे जमातीचं नाव नाही.
‘गरज नाही,’ तो आजीला म्हणाला,
‘प्रेक्षक घरून घेऊन येतात ते.’
शेवटी गाव त्याला वेशीपर्यंत सोडायला जातं.
सगळे गप्प. एक लहान मूल हात हलवतं.
आणि मनोऱ्यात बाराचे ठोके, अगदी वेळेवर.

काट्यांची गोष्ट सांगत सांगत काटा काढणं,
ही कारागिरी मी ओळखते.
संहितालेखन शिकवते मी. हा शेवट वर्गात सांगते,
कुणाचा ते न सांगता.

वेरा नदीकाठी आमच्या गावात सिनेमा लागला
एक्केचाळीसच्या नोव्हेंबरात.
मोरित्स कात्सेनश्टाइनचं घड्याळांचं दुकान
तेव्हा तीन वर्षं बंदच होतं,
मागच्या खोलीत तो आणि बायको राहत.
डिसेंबरात ते स्टेशनकडे चालत गेले, एकेक सुटकेस घेऊन.
फुटपाथवर लोक. सगळे गप्प.
एका मुलानं हात हलवला.

ते मूल आजीचा धाकटा भाऊ, व्होल्फहार्ट.
आता नव्वदीला टेकलाय.
सिनेमा आधी पाहिला होतास का, मी विचारलं.
म्हणाला, हातमोजा लाल होता, एवढंच आठवतं.

युद्ध संपल्यावर प्रश्नावली आली, एकशे एकतीस प्रश्न.
पक्षाचे सदस्य? नाही. पदक? नाही.
निकाल: वर्ग चौथा, मागून चालणारा.
पुढचा प्रसंग आदल्या रात्रीच लिहून ठेवणारा माणूस
मागून चालणारा!
दंड भरला, वेळ मारून नेली,
आणि त्रेपन्न साली अख्ख्या देशाला हसवलं:
डोंगरातलं हॉटेल, अदलाबदल झालेल्या दोन नवऱ्या,
आणि बाहेरून आलेला एक फेरीवाला,
बोटं लांब, बोलणं गोड.
शेवटी त्याला तळ्यात ढकलतात. बदक ओरडतं.
नाताळात टीव्हीवर लागतो अजून.
मी हसते. बदकापाशी दरवर्षी हसते.

या वर्षी सभागृहाच्या नावाचा वाद निघाला.
त्याच्या नातवानं पत्र आणलं:
लोबेडान्त्सनं बागेतल्या खोलीत एका नटाच्या बायकोला
चौदा महिने लपवलं होतं.
तारीख सेहेचाळीसची. सही त्या बाईची.
खाली कोपऱ्यात टाइप करणारीची आद्याक्षरं,
आजीची.
तिनं हे पत्र टाइप केल्याचं कधी सांगितलं नाही.
मात्र एकदा, बटाटे सोलताना, म्हणाली होती
त्या बागेत संध्याकाळी कुणीतरी खोकायचं.

आता मी काय सांगू समितीला?
खोकला खरा असेल. घड्याळजीही त्यानंच लिहिला.
दोन्ही एकाच मशीनवर उमटलं,
त्या मशीनचा ‘ई’ थोडा वर उडायचा.

सभा अडीच तास चालली. कॉफी संपली.
पाटी तात्पुरती उतरवायची की नाही, यावर मतदान.
प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत
व्होल्फहार्टनं हात वर केला.
बाजूनं की विरोधात, अध्यक्षांनी विचारलं.
तो काही बोलला नाही. हात तसाच,
किंचित हलत, वयानं असेल.

तो सदस्य नाही, कुणीतरी पुटपुटलं.
इतिवृत्तात नोंद आहे:
एक हात. बाद.