ओल्यावर भरू नये

घणसोलीत, दुसऱ्या मजल्यावर माझा नवा दवाखाना.
एका गाळ्याचे तीन करायचे: वेटिंग, खुर्ची, एक्स-रे.
जुन्या जागेत पार्टिशनवर उभी भेग होती
छतापासून स्विचबोर्डापर्यंत,
आणि पेशंट तोंड उघडून तिच्याकडे बघत पडायचे.
मी त्यांच्या दातांतल्या फटी बुजवायची,
ते माझ्या भिंतीतली मोजायचे.

इस्राफील मालद्याचा. बोलतो कमी.
दोन बोर्डांच्या मध्ये त्याने मुद्दाम
नाण्याच्या जाडीची फट ठेवली.
मी म्हटलं, अहो, जोडा ना घट्ट.
"घट्ट जोडलं तर एकमेकांना ढकलेल, मॅडम.
मग पुट्टी कुठं बसेल?"

दाराच्या कोपऱ्यावर सांधा येऊ दिला नाही.
अख्ख्या बोर्डाला खाच पाडून
चौकटीच्या खांद्यावर बसवला.
"दार दिवसातून दोनशे वेळा आपटणार.
कोपराच आधी तक्रार करतो."
स्लॅबखाली बोटभर जागा, तिथं मऊ सीलंट.
ठाणे-बेलापूर रस्त्याला टँकर लागला की
बादलीतलं पाणी थरथरायचं.
ते त्याने मला बोटाने दाखवलं,
बोलला काही नाही.

मग पहिला हात.
ओल्या लेपात कागदाची पट्टी,
पात्याने वरून खाली दाबत,
आत हवेचा फुगा राहू नये म्हणून
नखाने टकटक करून ऐकत.
ही टकटक माझ्या ओळखीची.
आरशाच्या दांडीने मीही अशीच ऐकते.

"आता उद्या."
उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या,
सासूबाईंनी पेढे सांगून ठेवले होते.
मी पंखा लावला.
त्याने बंद केला.
"वरून सुकेल, आतून नाही."
यावर मी काय बोलणार?
वीस वर्षं हेच तर सांगत आले,
ओल्यावर भरलं की टिकत नाही,
भरल्यावर दोन तास चावू नका,
आणि लोक जिना उतरून लगेच वडापाव खातात.

ऑगस्ट होता. उद्या म्हणजे परवा झाला.
दुसरा हात पहिल्यापेक्षा रुंद,
तिसरा त्याहून,
कडा इतक्या पातळ की बोटाला कळेना
लेप कुठे संपला, बोर्ड कुठे सुरू झाला.
शेवटी बॅटरी भिंतीला टेकवून तिरपा उजेड;
सावली पडली तिथे पॉलिश पेपर.

नारळ सोमवारऐवजी शुक्रवारी फुटला.
पेढे थोडे कडक झाले होते.

आता दीड वर्ष होईल.
पेशंट रेलतात, भिंतीकडे बघतात,
मोजायला काही सापडत नाही,
मग तोंडात कापूस असताना
माझ्याशीच बोलायला जातात.

परवा दाराच्या वर, जरा बाजूला,
केसाएवढी रेघ दिसली. कदाचित.
बोट फिरवलं तर लागत नाही.
इस्राफीलला फोटो पाठवला.
"पेन्सिलीने टोकाला खूण करा,
तारीख लिहा.
पुढे गेली तर बोलवा."

मी तरी दुसरं काय सांगते लोकांना.

पेन्सिल शोधते आहे.