तपकिरी वायर

हेयिन तिसऱ्यांदा आला तेव्हा
डिकीत जुना टर्बो होता,
मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला,
आणि त्याच्याही आधीचा घरी, होडीच्या शेडमध्ये.
दोन्ही धडधाकट आहेत
हे मी त्याला सांगितलं नाही.
मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं.

"बोगद्यात उतरताना ठीक," तो म्हणाला,
"तळाशीही ठीक.
चढ लागला की हिचा दम जातो.
मागे मासळीचा ट्रक, ट्रकमागे अर्धं क्लाक्सविक,
मी चाळीसने,
आणि डोक्यावर अख्खा समुद्र."

स्कॅनर लावला. कोड तोच:
टर्बोचा पोझिशन सेन्सर, सिग्नल प्रमाणाबाहेर.
कोड म्हणजे शेजारणीनं आणलेली बातमी.
भांडण झालं एवढं खरं,
कुणी काढलं ते त्या घरात जाऊन बघावं लागतं.
माझ्या आधीच्या दोघांनी बातमी ऐकली
आणि थेट घरच पाडलं.

सेन्सरला तीन वायरी.
एकीतून पाच व्होल्ट येतात.
एकीतून तो बोलतो,
पाती किती उघडली, किती मिटली.
तिसरी तपकिरी, अर्थिंगची.
ती काही आणत नाही, काही सांगत नाही,
म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

पाच मोजले: चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
रोईनं हातपंपानं दांडा ओढला,
आकडा पायरीपायरीनं चढला, उतरला,
कुठे अडखळला नाही.
तपकिरीचा रोध: शून्य पूर्णांक तीन.
"सगळं बरोबर आहे, मारयुन," रोई म्हणाला.
सतरा वर्षांचा आहे तो.
त्याला सगळं फार लवकर बरोबर वाटतं.

मी कॉफी ओतली आणि तशीच विसरले.
चढ.
चढावर काय होतं?
इंजिन जोर लावतं, जोर लावताना
रबरी पायांवर मागे रेलतं, बोटभर.
तेवढ्यानं कुणाला ओढ बसते?

वायरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढले,
कंप्युटरकडचाही, नाहीतर तो हकनाक जळायचा.
आणि मोकळ्या तपकिरी वायरीतून
ब्रेकलाइटचा जुना बल्ब जोडला.

मीटर नुसतं विचारतो: आहेस का?
वायर म्हणते: आहे.
बल्ब विचारतो: हे उचलशील?

बल्ब लागला,
राखेखालच्या निखाऱ्याइतका.
मी इंजिनाला पहारीनं मागे रेटलं
आणि तोही गेला.
रोईनं पंप खाली ठेवला.

टेप सोलली. क्लिपच्या धारेपाशी
आवरणाला नखाएवढी चीर,
चिरेतून आलेली खारी हवा,
तांब्याचं हिरवं पीठ झालेलं,
आणि त्या पिठात एक, एकच तार
अजून लखलखीत.
अठरा महिने तिनं एकटीनं
टर्बोचं सगळं गणित धरून ठेवलं होतं,
सपाट रस्त्यावर तरी.

अकरा सेंटिमीटर नवी वायर, दोन जोड,
वर गरम करून बसवलेली नळी,
आणि क्लिप दोन बोटं वर.
बिल लिहिताना लाज वाटली,
मग दोन दिवस आठवले आणि वाटली नाही.

बोगद्यात आम्ही तिघं गेलो.
रोईच्या मांडीवर लॅपटॉप.
तळाशी हेयिननं रेडिओ बंद केला,
दोन्ही हात स्टिअरिंगवर, गुडघे ताठ,
वादळात सुकाणू धरावं तसा.
चढ लागला. रोई आकडे वाचत होता.
नंतर वाचायचा थांबला,
कारण गाडीच सांगत होती.
ऐंशीनं वर आलो, पावसात,
रस्त्यावर मेंढ्या आडव्या,
तेव्हा कुठे हेयिननं ब्रेक मारला आणि श्वास सोडला.

कापलेला तुकडा त्यानं मागून घेतला.
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.
"दोन टर्बो," म्हणाला. दुसरं काही नाही.

डिकीतला टर्बो मात्र तो इथेच टाकून गेला.
गॅरेजचं दार वाऱ्यानं आपटायचं.
आता आपटत नाही.