नावाआधीची जागा

मढ जेट्टीच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस.
पंखा एक, खिडकी एक,
आणि माझ्या पडद्यावर एक पांढरी चौकट :
'होडीचे नाव टाइप करा.'

चार हजार एकशे बारा होड्या आहेत तिच्यामागे.
इतक्या किनाऱ्याला एकदम कधी लागत नाहीत.
ए म्हटलं की एकवीरा, एकवीराप्रसाद, एकवीराकृपा,
एकवीरा दोन, एकवीरा नवी,
पानंच्या पानं.
पुढचं अक्षर टाकावं
तशा एकेक मागे सरतात,
भरतीला दोर सुटल्यासारख्या.

आमच्यात जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात.
आस बारीक, तर जवळाही अडकतो.
आस मोठा, तर हाताला फक्त पाणी.
चौकटीला हे ठाऊक नाही, असं नाही.
पण तिला सांगणारी मी,
आणि मला सांगणारं खिडकीपलीकडचं माणूस,
त्याच्या तोंडातलं नाव
आणि वीस वर्षांपूर्वी कुणी कानाने ऐकून लिहिलेलं नाव,
यांत किती पाणी, ते कोण मोजणार?

बायजाबाई भानजी आल्या मंगळवारी, दुपारची ओहोटी धरून.
डिझेलचा परतावा अडकलेला, नवरा गेल्याला तेरा महिने.
'होरीचं नाव?'
'बयो.'

ब. तीनशे अकरा.
बय. नऊ.
बयो.
एकही नोंद सापडली नाही.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण रिकामा पडदा
कुणालाही वाचता येतो.
'नाय बोलतंय?'
'थांबा,' म्हटलं.
बायो टाकून पाहिलं. बयोमाय. बय्यो. वयो.
एका वयोवृद्ध संस्थेची ट्रॉलर निघाली, वर्सोव्याची.
मालकाच्या नावाने शोधायची सोय
यंत्रात पुढच्या टप्प्यात येणार आहे,
तीन वर्षं येणारच आहे.
तरी मालकाचं नाव विचारलं.
बाईंनी ते उच्चारलं नाही.
पदराची गाठ सोडली, आधार कार्ड काढलं,
बोट ठेवलं : हसुराम.

मग चौकटीखाली एक बारीक खूण दिसली,
जिला मी कधी हात लावला नव्हता :
'मजकूर कुठेही असल्यास दाखवा.'
आजवर मी सगळ्यांना नावाच्या सुरुवातीलाच शोधत होते.
खूण केली. बयो लिहिलं.

एक ओळ.
परवाना चालू, लांबी बेचाळीस फूट, रंग निळा-पिवळा,
आणि नाव रकान्याच्या कडेपासून जरा आत,
एका अक्षराएवढं.
आधी काहीच नाही. एक मोकळी जागा.

नोंद डॉमनिक किल्लेकरांच्या हातची, दोन हजार चारची.
ते आता वसईला असतात, त्यांना आठवणार नाही.
मीच म्हटलं, 'टाइप करणाऱ्यांनी चुकून
नावाआधी एकदा लांब कळ दाबली.
यंत्र त्या जागेलाही अक्षर समजतं,
म्हणून सापडत नव्हती.'

बाईंना यंत्राचं काही पडलं नव्हतं.
'जागा कशाला सोरली?'
मग स्वतःच म्हणाल्या,
'ते बोलायच्या आधी थांबायचेच.
बयो म्हंजे मी. घरान मला बयो बोलायचे.
चारचौघांत सांगायला लाजले असतील.'
आणि हसल्या, म्हणजे दात दिसले,
डोळे फॉर्मवरच.

परतावा मंजूर झाला, अकरा हजार आणि काही.
संध्याकाळी साहेबांना फोन केला.
ते म्हणाले, अशा आणखी असतील,
सगळ्या टेबलावर दुरुस्ती चालव,
पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढून टाक.
बटण माझ्याच हातात. काम माझंच.
एकशे अठ्ठ्याऐंशी नोंदी दुरुस्त, असं आलं.
बाकी एकशे सत्त्याऐंशींच्या आधी
कोण का थांबलं होतं, ते विचारायचं राहिलं.

आता ब, य, यो.
लगेच येते ती पडद्यावर,
कडेला चिकटून,
न थांबता.