साडेचार फूट

महापालिकेनं आमची गल्ली पुन्हा खणली,
घोरपडी बाजारापासून फाटकापर्यंत, ड्रेनेजसाठी.
शेजारचे परेरा आयुक्तांना चौथं पत्र लिहितायत.
मी दूध आणायला निघालो
आणि काठावर थांबलो.

चर सरळ खणलाय. हे चूक.
सरळ चरात एक गोळा पडला
तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे जातात.
नागमोडी हवा.
मुकादमाला सांगितलं.
तो म्हणाला, आजोबा, पाइप वाकत नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमचा होता
कोवळ्या गव्हात, साडेचार फूट,
छातीला माती लागेल असा.
चोरघे बुटका. त्याला उभं राहायला
काडतुसांची रिकामी पेटी, तिच्यावर शिक्का खडकीचा.
म्हणायचा, मेव्हणी तिथंच कामाला आहे,
तिनंच पाठवलीय, उंची ठाऊक आहे तिला.

लोकांना वाटतं लढाई म्हणजे धडाधड.
लढाई म्हणजे ओले मोजे
रात्रभर बनियनच्या आत, पोटावर वाळवायचे.
उजाडायच्या आधी तासभर सगळे उभे,
चापाजवळ बोट, समोर धुकं,
धुक्यात कुणाची तरी म्हैस.
तिच्यावर ना त्यांनी गोळी झाडली ना आम्ही.
मग चहा. येईपर्यंत गार, रॉकेलचा वास.
अर्धा प्यायचा, उरलेल्यात दाढी.
दाढी रोज. का, ते विचारायचं नाही.

आठ दिवसांनी मागे पाठवायचे.
मागे म्हणजे दोन मैल, कालव्याकाठी.
लांगरीची गरम डाळ, दोघांत एक बादली ऊन पाणी,
शिवणीतल्या उवा मेणबत्तीवर.
तिथं झोप यायची नाही.
चालताना पाठ आपोआप वाकायची.
बायकोचं पत्र तिथंच मिळालं:
नळाला एकच वेळ पाणी येतं.
एवढंच. पाच वेळा वाचलं.

चोरघे मागेच गेला.
पुढे नाही, मागे,
टँकरपाशी, हातात साबण.

थांबल्यावर हुकूम आला, चर बुजवा.
शेताचा मालक आला, म्हातारा,
पावलं टाकत आपला बांध शोधू लागला.
आम्ही माती लोटली.
पेटी आतच राहिली.

आज दुपारी मजूर चरात जेवायला बसलेले,
सावली तेवढीच.
पोर झोळीत, झोळी जेसीबीच्या दाताला.
सिद्दव्वा म्हणाली, या अज्जा, भाकरी खावा.
उतरलो. गुडघे बोलले.
माती बरोबर छातीला लागली.
भाकरी घेतली, शेंगाचटणीही,
पण बसवेना.
उभाच राहिलो, फाटकाकडे बघत.
परेरांच्या चपला वरून गेल्या.

सुनेनं विचारलं, एवढी माती कुठली?
म्हणालो, ड्रेनेजची.