शून्य पूर्णांक तीन

दिवसभर उद्यमबागेत मी कास्टिंग मोजते.
गेजमध्ये बसलं तर बसलं,
नाही तर लाल खडूची फुली.
बावीस वर्षं. फुली मारताना हात थरथरत नाही.

आणि रात्री, वडगावच्या मागल्या खोलीत
वीतभर विमान पुढ्यात घेऊन बसले
तर हात माझा नाहीच.

विमान सांबऱ्याचं. म्हणजे तसलं,
आत्याच्या गच्चीवरून दिसायचं,
आवाज आधी निघून जायचा आणि आम्ही मागाहून बोट दाखवायचो.

काँप्रेसर जुन्या फ्रिजचा.
टाकी म्हणजे आग विझवायचं रिकामं नळकांडं,
भरमा वेल्डरनं जोडून दिलेलं, दोन चहावर.
एअरब्रश तेवढा नवा, डबीत मखमलीवर,
सुई शून्य पूर्णांक तीन.
नवऱ्यानं विचारलं, किती पडले?
खऱ्याच्या निम्मे सांगितले.

दस्तगीरमामा म्हणाले, अक्का, विमान ठेव की बाजूला.
त्यांनी चाळीस वर्षं बुलेटच्या टाक्यांवर
ज्वाळा काढल्या, गरुड काढले,
आणि मागेल त्याला, मागेल त्या लिपीत, आईचं नाव.
आधी नुसता वारा सोडायला शीक.
खाली दाबलं की वारा, मागं ओढलं की रंग.
हात आधी निघायला पाहिजे, रंग नंतर.
चालत्या बसमधून उतरतीस की नाही,
पाय पळते ठेवून? तसं.

रंग किती पातळ?
दुधाएवढा.
कुठल्या दुधाएवढा, मामा? आमच्या गवळ्याच्या?
ते हसले नाहीत.
कपाच्या कडेनं रंग वर चढवून दाखवला,
उतरताना मागं एक पडदा राहिला.
हे बघून ठेव. गेजमध्ये बसत नाही हे.

आठ दिवस कुंद्याच्या रिकाम्या खोक्यांवर ठिपके.
आधी थेंब. मग कोळी:
मधे डबकं, चौफेर पाय पसरलेले.
जवळ गेलं की कोळी, लांब गेलं की धूळ.
सुईच्या टोकाला वाळलेला रंग काढायचा, श्वास धरून.
वाकली तर दुसरी कुरियरनं, पुण्याहून,
आणि नवरा पुन्हा विचारणार.

नवव्या दिवशी एक रेघ.
केसाएवढी नाही, सुतळीएवढी.
पण सुरू झाली तिथं मी होते,
संपली तिथंही मीच.

मग विमान.
राखाडी अस्तर वाळलेलं, पंखावर हिरवा सोडत होते
आणि लाईट गेली.
काँप्रेसरची धडधड एकदम बंद, गल्लीत कुत्रं तेवढं.
टाकीत वारा होता. काटा वीसवर.
मोबाईल डब्याला टेकवला.
अठरा. पंधरा.
पंखाचं टोक अजून उघडं.
अकराला रंग रवाळ पडायला लागला,
नऊला मी सोडून दिलं.

मोबाईलही विझला तेव्हा
कपात उरलेला रंग घट्ट होत असणार हे आठवलं.
चाचपून मागचा स्क्रू ढिला केला,
सुई ओढली,
थिनरच्या फडक्यातून बोटांमधून फिरवली,
मागून टोकाकडे, उलटी कधीच नाही.
टोक सरळ लागलं.

लाईट आली. टाकी परत भरायला लागली.
पंख मागं होता, हाताच्या अंतरावर.
मी अजून नोझल धूत होते.