आवाज बंद करून

कागदाच्या गिरणीत मी सव्वीस वर्षं
डाग पाहिले.
धावत्या पांढऱ्या पट्ट्यावर
मोहरीएवढा ठिपका, केसाएवढी चीर,
नजर पडली की हात आपोआप बटणावर.
गिरणी बंद झाली तेव्हा
इथे लॅपलंडच्या कडेला बर्फ इतका होता
की कुलूप लावायला आलेल्या माणसाला
आधी दार उकरून काढावं लागलं.

आता बावन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर.
म्हाताऱ्यांची देखभाल शिकतेय.
इर्मेलीबाई म्हणाल्या, एका भेटीचा व्हिडिओ काढा
आणि मग बघा.
नुसतं बघा. गुण द्यायचे नाहीत.
आर्ने आजोबांनी संमतीच्या कागदावर सही केली
आणि विचारलं,
"टोपी घालू का?"
कशाला, म्हणाले मी. घरातच तर आहोत.

पहिल्यांदा बघितलं
तेव्हा मला फक्त माझी हनुवटी दिसली.
आणि हा आवाज? हा माझा?
इतकी वर्षं यंत्रांच्या वरताण बोलले,
यंत्रं थांबली,
ओरडणं तेवढं घरी आलं.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसले, जुन्या सवयीनं.
मिनिट एक: गोळ्यांची डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.
मिनिट तीन: घड्याळ.
मिनिट चार: परत घड्याळ.
मिनिट सहा: "बरं, बरं."
डागच डाग. अख्खं रीळ रद्द.
बाईंनी वही वाचली, मिटली, माझ्याकडे सरकवली.
"आणि यात आर्ने कुठे आहेत?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ राहू दे,
मी माझंच मुसळ इतकं न्याहाळत बसले होते
की समोरचा माणूस
त्याच्याआड गेला.

तिसऱ्यांदा आवाज बंद.
आता टेबलावर एक अंगठा आहे.
कपाचा टवका उडालेल्या कडेवरून
गोल फिरतोय, टवक्याशी थांबतोय, पुन्हा फिरतोय.
एक तोंड उघडतं.
दुसरं तोंड, माझं, चालू होतं.
पहिलं मिटतं.
असं तीनदा.
मागे नेलं. आवाज लावला.
"त्या हिवाळ्यात..."
"सकाळची गोळी घेतली का?"
"घेतली."
किती सभ्यपणे म्हणाले ते, घेतली.

मी खाली बघत होते. वर्गात कुणी बोलेना.
मग ओन्नी, एकोणीस वर्षांचा, कानात तीन बाळ्या,
पडद्याजवळ गेला आणि म्हणाला,
"हेल्का, तुमचा पाय बघा."
टेबलाखाली माझा पाय
स्टूल पुढे ओढत होता.
इंच इंच, आजोबांकडे.
घड्याळ बघतानासुद्धा.
त्या पायाला कुणी शिकवलं नव्हतं.
माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.
गिरणीत आम्ही डाग मोजायचो;
कोरा कागद कुणी मोजला नाही.

लोक म्हणतात, तुम्हा फिनिश माणसांना
गप्प बसणं जन्मतःच येतं.
मला शिकावं लागलं.

मंगळवारी पुन्हा गेले. कॅमेरा नव्हता.
कॉफी ओतली. बसले.
बाहेर बर्फ सारणारी गाडी गेली.
फ्रीज घरघरला आणि थांबला.
माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली होती, 
गोळी, रक्तदाब, पायाची सूज, गोळी.
अंगठा कडेवरून एक फेरी फिरला.
दुसरी.
टवक्याशी थांबला.

"त्या हिवाळ्यात," ते म्हणाले,
"धुराड्यात घुबड अडकलं होतं."

आणि गप्प.

'मग?' अगदी ओठांवर आलं.
कॉफीच्या घोटाबरोबर
तेही गिळलं. जीभ भाजली.

ते उठले. भिंतीला धरत
दारामागच्या खुंटीपर्यंत गेले.
टोपी घेऊन आले.
घातली, नीट, दोन्ही कानांवरून,
आणि पहिल्यापासून सांगायला लागले.